रॉ फायलींचा क्लाउड बॅकअप : फोटोग्राफर मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. कार्ड फॉरमॅट मारू का? डिस्क टकटक करतेय, काय करू? ड्राइव्ह फुल झाला, आता? मी स्टुडिओवाल्यांच्या डेटाची व्यवस्था लावून देतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. व्हिडिओचा हिशेब निराळा असल्यामुळे तो इथे घेतलेला नाही. सेवांचे दर बदलत राहतात, त्यामुळे पैशांचे आकडे फक्त अंदाज बांधण्यापुरते धरा.

१. एडिट केलेले जेपीईजी आणि अल्बम पार्टीला (गिऱ्हाइकाला) दिले की काम संपलं. मग रॉ सांभाळायचे कशाला?

चार महिन्यांनी फोन येतो, "आजी गेल्या हो. अल्बममध्ये न घेतलेला त्यांचा एखादा फोटो असेल का?" हा फोन धंद्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी आलेला असतो. तेव्हा रॉ असेल तर मंडपाच्या कोपऱ्यात अंधारात बसलेल्या आजींचा चेहराही वर काढता येतो. ८ बिटच्या जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. एलईडीच्या उजेडात हळदीचा पिवळा फुटला की हा फरक डोळ्यांना दिसतो.

वन्यजीवांचे फोटो काढत असाल तर कारण आणखी पक्कं आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्र स्पर्धा असो की वर्ल्ड प्रेस फोटो, पुढच्या फेरीत गेलात की मूळ फाइल मागतात. ताडोबातली वाघीण कितीही देखणी टिपलेली असली तरी रॉ नसेल तर तिथे गाडी अडते.

२. दोन हार्ड डिस्कवर कॉपी आहे. तेवढी पुरत नाही का?

दोन्ही डिस्क कुठे आहेत ते सांगा. एकाच कपाटात? मग ती एकच कॉपी समजा.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम साधा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे सगळे या शेवटच्या 'एक'वर घसरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरलं, तेव्हा बाजारपेठेतल्या तळमजल्यांवरची दुकानं बुडाली. फोटो स्टुडिओ बहुधा बाजारातच असतो, आणि तोही तळमजल्यावर. ओळखीच्या एकाने कॅमेरे डोक्यावर घेऊन बाहेर काढले, डिस्क मात्र टेबलाच्या खणात राहिल्या. कॅमेऱ्याचा विमा होता, त्यामुळे कॅमेरे गेले असते तरी परत आले असते.

दुसरी जागा म्हणजे क्लाउडच असं नाही. दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे दर महिन्याला डिस्क नेऊन ठेवत असाल तर तेही चालेल. पण 'दर महिन्याला' हे दोन महिने टिकतं. क्लाउडचा खरा फायदा हा की तो तुमच्या आळसावर अवलंबून नसतो.

जाता जाता : चार डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारखी वापरायची 'रेड' पेटी हा बॅकअप नाही. त्यातली एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, इतकंच. चोर पेटी उचलतो तेव्हा चारही डिस्क एकदम जातात.

३. माझं ड्राइव्ह सिंक कायम चालू असतं. म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. सिंक म्हणजे आरसा. तुमच्याकडे जे होईल तेच तिकडेही होतं. असिस्टंटने कॉम्प्युटरवरून चुकीचं फोल्डर उडवलं की थोड्या वेळात क्लाउडवरूनही ते उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं आणि मग आपोआप जातं. ड्रॉपबॉक्सच्या साध्या योजनांतही मुदत ३० दिवसांचीच आहे. लग्नाचं फोल्डर उडालंय हे कळतं कधी? अल्बम डिझायनर फोटो मागतो तेव्हा, म्हणजे बहुधा दोन महिन्यांनी.

बॅकअप म्हणजे इथून खोडलं तरी तिथे राहणारी, आणि बदललं तरी जुनी आवृत्तीही जपणारी प्रत. सिंकवरच भागवायचं असेल तर निदान डिलिव्हरी झालेली कामं सिंक फोल्डरच्या बाहेर, हाताने वर चढवून ठेवा.

४. गूगल फोटोज चालेल का? आणि ॲमेझॉन प्राइमवर फोटो फुकट ठेवता येतात म्हणे?

गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता फुकट मिळतात ते १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. 'स्टोरेज सेव्हर' या सेटिंगमध्ये फोटो दाबला जातो आणि १६ मेगापिक्सेलच्या वरचा असेल तर तेवढा लहान केला जातो. त्या सेटिंगवर रॉ चढवणं म्हणजे पैठणी धोब्याला देऊन रुमाल परत घेण्यासारखं आहे. 'ओरिजिनल' सेटिंगवर रॉ जशीच्या तशी राहते, पण फोल्डरची रचना राहत नाही. व्यावसायिक कामाला फोल्डर हवेतच.

ॲमेझॉन फोटोजची प्राइमसोबत मिळणारी अमर्याद साठवण अमेरिकेसारख्या काही देशांतल्या ग्राहकांसाठी आहे, भारतातल्या प्राइममध्ये ती नाही. जिथे आहे तिथेही अटींमध्ये ती वैयक्तिक वापरापुरतीच आहे, धंद्यासाठी नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या खात्यावर ठेवायची युक्ती मला तिघांनी सांगितली. करू नका. तो डेटा तुमचा राहत नाही, मावसभावाचा होतो.

५. वर्षाला किती जागा लागेल?

तुमच्या कॅमेऱ्याच्या एका फाइलचं वजन बघा आणि गुणाकार करा. ढोबळ आकडे असे : २४ मेगापिक्सेलची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ २५ ते ३० एमबी, ४५ मेगापिक्सेलची ५० एमबीच्या आसपास, आणि ६१ मेगापिक्सेलच्या सोनीवर अनकॉम्प्रेस्ड काढत असाल तर सुमारे १२० एमबी.

साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन धरून दोघांनी मिळून ४,००० क्लिक केले असं समजू. पहिल्या कॅमेऱ्यावर ते १२० जीबी होतात, दुसऱ्यावर २०० जीबी, तिसऱ्यावर ४८० जीबी. सीझनला २५ लग्नं धरली तर अनुक्रमे ३, ५ आणि १२ टीबी. अनकॉम्प्रेस्डचा हट्ट असलेल्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. लॉसलेस कॉम्प्रेस्डमध्ये माहिती अजिबात जात नाही, फक्त फाइल लहान होते. कॅननची सी-रॉ किंवा निकॉनची हाय एफिशियन्सी मात्र लॉसी आहे, म्हणजे तिच्यात थोडी माहिती कायमची जाते. लग्नाच्या कामाला मला त्यात वावगं दिसत नाही. पण हा निर्णय शूटच्या आधी घ्यायचा असतो.

६. अपलोडला किती वेळ लागतो? माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे.

आधी अपलोडचा वेग वेगळा तपासा. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असू शकतो. मग ८ ने भागा, कारण नेट बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. व्यवहारात ३० ते ३५ धरा. १२० जीबीचं लग्न चार तासांत, रात्री झोपलात की सकाळी वर. ४० एमबीपीएसला आठ-नऊ तास. जुन्या केबल कनेक्शनवर अपलोड ५ एमबीपीएसच असेल तर एका लग्नाला दोन दिवसांहून जास्त लागतील. तिथे आधी कनेक्शन बदला, क्लाउडचं नंतर बघू.

जुना साठा चढवताना खरी दमछाक होते. १२ टीबीला १०० एमबीपीएसवर न थांबता पंधरा-सतरा दिवस लागतात. त्यात अनेक घरगुती फायबर योजना 'अनलिमिटेड' म्हणत असल्या तरी महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग पाडतात. गूगल ड्राइव्हही एका खात्याला दिवसात ७५० जीबीच चढवू देतो. म्हणून जुन्याची घाई करू नका. नवं काम त्याच आठवड्यात वर गेलं पाहिजे, जुनं एकेक वर्ष मागे सरकत चढवा.

दिवसा अपलोडला वेगाची मर्यादा घाला. नाहीतर पार्टी समोर बसून स्क्रीनवर फोटो निवडायला येते आणि गॅलरीचं पान गोल गोल फिरत बसतं.

७. ताडोबात, वारीत, कोकणातल्या एखाद्या वाडीत शूट असतं. तिथे नेटच नाही. मग?

तिथे क्लाउडचा विचारच करू नका. क्लाउड ही शेवटची प्रत, पहिली नव्हे. पहिली प्रत कॅमेऱ्यातच : दोन कार्डांचे स्लॉट असतील तर दोन्हीवर एकाच वेळी रॉ लिहा. दुसरं कार्ड 'ओव्हरफ्लो'ला (पहिलं भरलं की मग दुसरं) लावणाऱ्यांना नंतर रडताना पाहिलंय. रात्री मुक्कामी दोन छोट्या एसएसडींवर कॉपी करा, एक तुमच्या बॅगेत आणि दुसरी जोडीदाराच्या बॅगेत. वारीच्या पावसात झिपलॉकची पिशवी विसरू नका.

अगदीच काळजी वाटत असेल तर निवडलेल्या वीस-तीस रॉ मोबाइलच्या नेटवरून वर पाठवा. ३० फायली म्हणजे जेमतेम एक जीबी. सगळं मात्र घरी आल्यावर. तोपर्यंत कार्डं पुसायची नाहीत (प्रश्न १२).

८. कुठली सेवा घेऊ? एकच नाव सांगा.

एकच नाव सांगणार नाही, कारण तुमचं काम मला माहीत नाही. प्रकार तीन आहेत, ते सांगतो.

एक, ड्राइव्हसारख्या : गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह. वापरायला सोप्या, पार्टीला लिंक देता येते. दोन-तीन टीबीपर्यंत ठीक, त्यापुढे महाग पडतात. सिंकचा धोका प्रश्न ३ मध्ये सांगितलाच आहे.

दोन, पूर्ण कॉम्प्युटरचा बॅकअप घेणाऱ्या. यात बॅकब्लेझची सेवा फोटोग्राफरांत जास्त दिसते. एका कॉम्प्युटरला ठरावीक पैसे, जागा अमर्याद. पण बारीक अक्षरं वाचा : बाहेरची डिस्क ठरावीक मुदतीत पुन्हा जोडली नाही तर तिचा बॅकअप खोडला जातो. मुदत तुम्ही निवडलेल्या योजनेवर ठरते, ती ३० दिवसांचीही असू शकते. आपल्या लोकांची सवय अशी की डिस्क भरली, वर्षाचं लेबल लावलं, कपाटात ठेवली आणि विसरले. त्या सवयीला ही सेवा नाही. शिवाय वैयक्तिक योजनेत ती नासचा (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कपेटीचा) बॅकअप घेत नाही.

तीन, ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची भाड्याची कोठी : ॲमेझॉन एस३, बॅकब्लेझ बी२, वसाबी वगैरे. जितकं ठेवाल तितके पैसे. सेटिंग करायला अर्धा दिवस आणि थोडी चिकाटी लागते, पण पाच टीबीच्या पुढे माझा कौल इथेच. आरक्लोनसारख्या फुकट साधनाने रोजचं काम आपोआप होतं. वसाबीत फाइल आधीच खोडली तरी ९० दिवसांचे पैसे लागतात, हे लक्षात असू द्या.

बिल डॉलरमध्ये येत असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जचा (कर विकणाऱ्याऐवजी तुम्हीच भरायचा) मुद्दा निघतो. पहिलंच बिल सीएला दाखवा.

९. ॲमेझॉनच्या ग्लेशियरमध्ये टीबीला महिन्याला एक डॉलर पडतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. ग्लेशियर डीप अर्काइव्हचा अमेरिकेतल्या केंद्रांमधला दर साधारण तेवढा, मुंबईत त्याहून जास्त. पण ही तळघरातली तिजोरी आहे. फाइल मागितली की लगेच मिळत नाही : साध्या मागणीला १२ तासांपर्यंत, स्वस्त मागणीला ४८ तासांपर्यंत थांबावं लागतं. १८० दिवसांच्या आत खोडली तरी १८० दिवसांचे पैसे द्यावे लागतात. आणि खरी मेख फायली परत बाहेर काढण्यात आहे. इंटरनेटवरून बाहेर नेण्याचा दर अमेरिकेत जीबीला सुमारे ९ सेंट. म्हणजे एक टीबी ठेवायला महिन्याला एक डॉलर आणि परत आणायला जवळजवळ नव्वद.

तरीही मी हे सुचवतो, पण फक्त डिलिव्हरी होऊन वर्ष उलटलेल्या कामांसाठी आणि घरी दोन प्रती शाबूत असतील तरच. त्या दोन्ही एकदम गेल्या तर नव्वद डॉलर कोणीही आनंदाने देईल. दर आठवड्याला काहीतरी शोधायला उघडायचं असेल तर मात्र इकडे फिरकू नका.

१०. सगळे ४,००० ठेवायचे की निवडलेले?

डिलिव्हरीपर्यंत सगळे. त्यानंतर माझ्या मते डोळे मिटलेले, फोकस चुकलेले, फ्लॅश न पेटलेले सरळ काढून टाका. मंगलाष्टकांच्या वेळी दाबून ठेवलेल्या बर्स्टमध्ये अंतरपाटाचे एकसारखे साठ फोटो असतात, त्यातले सहा पुरे. नीट छाटणी केली तर साठा अर्ध्यावर येतो आणि बिलही.

एक अपवाद : घरातल्या वयस्क माणसांचे फोटो छाटू नका, हललेले असले तरी. कारण प्रश्न १ मध्ये आहे.

झिप करून जागा वाचेल का, असंही विचारतात. वाचणार नाही. कॉम्प्रेस्ड रॉ आधीच दाबलेली असते, झिपने नावापुरता फरक पडतो. उलट १०० जीबीच्या एका झिपमध्ये थोडा बिघाड झाला तरी आख्खं लग्न अडकतं. सुट्या फायलींमधली एक बिघडली तर एकच फोटो जातो.

११. लाइटरूममध्ये सिंक चालू आहे. म्हणजे माझ्या रॉ ॲडोबीच्या क्लाउडवर आहेत ना?

ॲडोबीच्या या एडिटिंग सॉफ्टवेअरचे दोन प्रकार आहेत. तुमचं कुठलं लाइटरूम? सगळा घोळ इथे होतो. नुसतं 'लाइटरूम' (क्लाउडवालं) मूळ रॉ वर चढवतं. 'लाइटरूम क्लासिक' मूळ रॉ पाठवत नाही. ते स्मार्ट प्रीव्ह्यू पाठवतं, म्हणजे लांब बाजूला २,५६० पिक्सेलची लॉसी डीएनजी (ॲडोबीचा रॉ प्रकार). मोबाइलवर फोटो छान दिसतात म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि डिस्क गेल्यावर हातात येतो तो हा छोटा तुकडा. लग्नाच्या स्टुडिओत क्लासिकच जास्त चालतं, म्हणून हे ठासून सांगतोय.

दुसरा गैरसमज कॅटलॉगचा. क्लासिक बंद करताना 'बॅकअप घेऊ का' विचारतं, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, म्हणजे तुमच्या एडिटिंगच्या नोंदींचा. त्यात एकही फोटो नसतो. उलट बाजूने, रॉ वर चढवल्या आणि कॅटलॉग विसरलात तर फोटो वाचतील पण आठवडाभराची रंगसंगती जाईल. दोन्ही पाठवा. एक्सएमपी फायली लिहायचं सेटिंगही चालू करा, म्हणजे प्रत्येक रॉच्या शेजारी तिचं एडिट राहतं. कॅप्चर वन हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सेशनचं (एका कामाचं) पूर्ण फोल्डर आतल्या लपलेल्या फोल्डरांसकट पाठवावं.

१२. सर, कार्ड फॉरमॅट नक्की केव्हा मारू?

दोन डिस्कवर कॉपी झाली, ती तपासली, आणि तिसरी क्लाउडवर पोचली की. सीझनला दुसऱ्या दिवशी लगेच दुसरं लग्न असतं, हे माहीत आहे. म्हणून कार्डं जास्त घ्या. एका लेन्सच्या हप्त्यात चार कार्डं येतात.

'तपासली' म्हणजे फोल्डरमधल्या फायलींचा आकडा जुळला, एवढ्याने होत नाही. खराब केबलमुळे फाइल पोचते, आकारही तोच दिसतो, पण आतले काही बाइट बिघडलेले असतात. उघडल्यावर अर्ध्या फोटोवर जांभळी पट्टी. याला उपाय चेकसम. फाइलवरून एक लांबलचक आकडा काढतात (एमडी५, एसएचए-२५६ वगैरे), एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. टेराकॉपीसारखी कॉपी करणारी साधनं व्हेरिफाय केल्यावर हे आपोआप करतात. क्लाउडसाठी आरक्लोनमध्ये 'चेक' ही आज्ञा आहे, ती तुमच्याकडची आणि तिकडची फाइल याच पद्धतीने जुळवते. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करून चहाला जाऊ नका.

१३. अपलोड केल्यावर एका लग्नाचे काही फोटो दुसऱ्याच लग्नाचे निघाले! असं कसं?

फायलींच्या नावांमुळे. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ ला पोचला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दोन एकसारख्या बॉडी असतील तर दोन्हींत 'डीएससी_४५२१' निघू शकतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या आणि विंडोजच्या 'रिप्लेस करू का'ला हो म्हटलं की पहिला गेला. क्लाउडवर तर काही साधनं विचारतही नाहीत.

कार्डावरून उतरवतानाच नाव बदला : तारीख, पार्टीचं आडनाव, बॉडीचं अक्षर, क्रमांक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे क्रम नीट लागतो. नावात देवनागरी, चिन्हं, मोकळी जागा टाळलेली बरी. मला मराठीचा अभिमान आहे, पण जुन्या नासला नाही. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं शूटच्या आधी जुळवा, नाहीतर सप्तपदी आधी आणि वरमाला नंतर दिसेल.

१४. कॉम्प्युटरला रॅन्समवेअर लागलं तर क्लाउडवरचंही जाईल का?

रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणारा व्हायरस. सिंक असेल तर कुलूपबंद झालेल्या फायलीही वर जातात. तेव्हा जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा वाचवते, पण मुदतीच्या आत कळलं तरच. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये 'ऑब्जेक्ट लॉक' मिळतं : ठरवलेल्या मुदतीपर्यंत ती फाइल कोणालाच खोडता किंवा बदलता येत नाही. कडक प्रकारात तर तुम्हालाही नाही. म्हणून आधी थोड्या फायलींवर करून बघा. चुकून दहा वर्षांचं लॉक लावलंत तर दहा वर्षं बिल येईल.

एक डिस्क कायम सुटी ठेवा. वायरच नसेल तर व्हायरस कुठून येणार?

१५. न्यूबॉर्न (नवजात बाळांचे) आणि बुदुआर (बेडरूममधले खासगी, कमी कपड्यांतले) शूट करतो. असे फोटो क्लाउडवर ठेवणं सुरक्षित आहे का?

इथे दोन धोके आहेत. पहिला उघड : पासवर्ड गेला तर फोटो बाहेर. दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. कॉमन पासवर्ड वापरून असिस्टंटला खातं देऊ नका. तो नोकरी सोडतो, पासवर्ड तोच राहतो.

दुसरा धोका फारसा कुणाला माहीत नसतो. मोठ्या सेवा बालकांच्या अश्लील चित्रांच्या शोधासाठी फोटो आपोआप तपासतात. ते योग्यच आहे, पण यंत्र चुकतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांची बातमी आली होती : डॉक्टरला दाखवायला त्यांनी आपल्या लहान मुलाचा फोटो काढला, गूगलने खातं बंद केलं, आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही ते परत मिळालं नाही. त्यात त्यांची मेलही होती. बारशाआधीच्या उघड्या बाळाचे शेकडो फोटो ज्याच्या खात्यात असतात, त्याने याचा विचार करावा.

उपाय : फोटो आधी स्वतःकडे कुलूपबंद करून मग वर पाठवा. क्रिप्टोमेटर किंवा आरक्लोनचं क्रिप्ट हे काम करतं, कंपनीला आत काय आहे ते दिसत नाही. पण किल्ली हरवली तर तुम्हालाही दिसणार नाही, आणि 'फरगॉट पासवर्ड' इथे नसतो. शिवाय बॅकअपचं खातं आणि रोजच्या मेलचं खातं कधीही एक ठेवू नका.

१६. किती वर्षं ठेवायला बांधील आहे मी? पार्टी पाच वर्षांनी मागायला येते.

करारात लिहाल तेवढी, म्हणून लिहाच. 'डिलिव्हरीनंतर एक वर्ष रॉ जपू, पुढे हवे असतील तर वार्षिक शुल्क' असं एक वाक्य पुरतं. बरेच स्टुडिओ यातूनच क्लाउडचं बिल काढतात.

हक्कांबाबत एक गोष्ट ऐकून फोटोग्राफर दचकतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. 'रॉ माझ्या आहेत' हे वाक्य करारात असलं तरच ते खरं. तसंच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती खोडावी. म्हणून 'आयुष्यभर जपू' असं जाहिरातीत लिहू नका.

१७. ऑटो-पे लावलं होतं, तरी क्लाउडचं खातं बंद पडलं. का?

रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती पैशांचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. ठरावीक रकमेच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ मध्ये १५,००० झाली. आणि बँकेने मॅन्डेट (दर वेळी पैसे कापायची तुमची परवानगी) नोंदवलंच नसेल तर रक्कम लहान असली तरी पैसे जात नाहीत. परदेशी सेवांची बिलं अशी खूप अडकली. कार्डाची मुदत संपली तरी तेच होतं. सूचनेची मेल प्रमोशन्समध्ये जाऊन पडते.

वार्षिक बिल भरा आणि तारीख कॅलेंडरमध्ये दोनदा टाका, एकदा पंधरा दिवस आधी. जागा ओलांडलेली राहिली तर गूगल दोन वर्षांनी डेटा खोडू शकतं, दोन वर्षं न उघडलेलं खातंही काढून टाकू शकतं. लहान कंपन्या इतकी वाट बघत नाहीत.

१८. परत उतरवून बघायची खरंच गरज आहे का?

आहे. दर तीन महिन्यांनी एक जुनं लग्न निवडा, पूर्ण खाली उतरवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. ब्राउझरमधून ड्राइव्हचं मोठं फोल्डर उतरवलं की ते झिपच्या तुकड्यांत येतं आणि एखादा तुकडा गाळलेला असतो, हे तेव्हाच कळतं. फाइल बनल्याची तारीख बदललेली दिसेल, त्याची चिंता नको. शूटची खरी तारीख फाइलच्या आत, एक्झिफमध्ये असते.

मी स्वतः हे दोन वर्षं टाळलं होतं. मग एका स्टुडिओचं एक फोल्डर उतरवलं, तर त्यात सगळे फोटो शून्य केबीचे. नेट तुटताना नावं चढली होती, फोटो नाही. नशीब, घरच्या डिस्कवर होते.

१९. मला काही झालं तर घरच्यांनी काय करायचं?

हा प्रश्न कोविडनंतर जास्त यायला लागला. पार्टीचे पैसे घेतलेले असतात, फोटो कुलूपबंद, आणि पासवर्ड माणसाबरोबर गेलेला. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे : ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. ऑब्जेक्ट स्टोरेज आणि तुमच्या किल्ल्या यांना असं काही नाही. तिथे कागदच हवा.

मी एका पाकिटात तीन गोष्टी ठेवतो : सेवेचं नाव आणि लॉगिन, कुलपाची किल्ली, आणि ज्याला फोन करून 'हे उतरवून दे' म्हणता येईल अशा एका मित्राचा नंबर. पाकीट सोन्याच्या डब्याशेजारी असतं, बायकोला माहीत आहे. पासवर्ड बदलला की कागदही बदलायचा. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना उघडलं, तर माझाच कागद दोन पासवर्ड मागे होता.